फायबरचं एक टोक स्टराईल, दुसरं नाही: ओटीत लेझर सांभाळायला शिकणाऱ्यांसाठी

ठाण्यात आणि नवी मुंबईत मुतखड्याची लेझरची ऑपरेशनं आता अगदी बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरच्या छोट्या नर्सिंग होममधेपण होतात, आणि तिथे बऱ्याचदा लेझर मशीन हॉस्पिटलचं स्वतःचं नसतं, ते भाड्याने येतं, टेम्पोतून, आणि मशीनबरोबर एक माणूस येतो. तो माणूस मी. गेली अकरा वर्षं हेच काम करतोय. सकाळी कळव्याला एक केस, दुपारी ऐरोली, संध्याकाळी वाशी नाहीतर नेरूळ असा दिवस जातो. ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा कोर्स करून नवीन मुलंमुली आमच्याकडे येतात तेव्हा मशीन चालू-बंद करणं त्यांना दोन दिवसात जमतं, स्क्रीन मोबाईलसारखाच असतो. जमायला वेळ लागतो ते वेगळंच आहे, आणि मी शिकत होतो तेव्हा ते मला कोणी बसवून सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

अडचण नेमकी काय ते आधी बघा. ज्यांना लेझर वापरायचाय त्या सर्जन सरांचे नाहीतर मॅडमचे हात स्टराईल, म्हणजे निर्जंतुक असतात, आणि सगळी बटणं ज्या मशीनवर आहेत ते मशीन ठाणे-बेलापूर रोडची धूळ खात आलेलं असतं. सरांना पॉवर कमी करायची असेल तर ते स्क्रीनला हात लावू शकत नाहीत. म्हणून ते मशीन चालवतात पायाने, आवाजाने आणि तुमच्या हाताने. आणि स्वच्छ आणि अस्वच्छ या दोन बाजूंना जोडणारी एकच वस्तू त्या खोलीत असते, ती म्हणजे फायबर, जाड केसाएवढी काचेची तार, तिचं एक टोक पेशंटच्या किडनीत आणि दुसरं टोक तुमच्या मशीनच्या पोर्टमधे. म्हणजे त्या तारेवर मधे कुठेतरी स्टराईल संपतं. ते कुठे संपतं हे केस चालू असताना प्रत्येक मिनिटाला तुम्हाला माहीत पाहिजे, बाकी सगळं याच्याभोवतीच फिरतं.

निघायच्या आधी आणि पोचल्यावर

मशीन गाडीत चढवायच्या आधी चार गोष्टी हातात घेऊन बघायच्या, नुसतं विचारून चालत नाही: चावी, फूट पेडल आणि त्याची केबल, गॉगल्स, आणि ब्लास्ट शील्ड. ब्लास्ट शील्ड म्हणजे फायबर जिथे मशीनला जोडतो त्या पोर्टच्या आत बसवलेली छोटी काच, आतल्या महागड्या लेन्सला ती वाचवते. तिच्यावर काळा ठिपका दिसला की ती बदलायची, कारण तो ठिपका लेझर शोषतो, तापतो, आणि ऐन केसमधे पॉवर पडते. जास्तीची एक शील्ड बॅगेत असलीच पाहिजे.

पावसाळ्यात एक गोष्ट वेगळी. बाहेर दमट हवा आणि ओटीत एसी फुल्ल, मशीन आत आणलं की ते थंड होतं, आणि आत अडकलेल्या दमट हवेचं पाणी आतल्या काचेवर धरू शकतं. उलटंही होतं, रात्रभर एसीत ठेवलेलं मशीन बाहेर काढलं की लगेच धुकं धरतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी ठरलेल्या वेळेच्या बराच आधी पोचतो, मशीन ओटीत लावून ठेवतो आणि कोरडं होईपर्यंत चावी फिरवत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

मशीन पुसायचं ते ओटीच्या बाहेर, दारात. चाकांपासून सुरुवात नाही, वरून खाली यायचं, स्क्रीन आणि हँडल आधी, चाकं शेवटी. हॉस्पिटल जे सरफेस डिसइन्फेक्टंट वापरतं ते कपड्यावर घ्यायचं आणि कपड्याने पुसायचं. मशीनवर थेट स्प्रे मारायचा नाही, फॅनच्या जाळीतून आत गेलं तर बोर्ड जातो. मग मावशींना सांगून चाकं पुसून घ्या किंवा स्वतः पुसा, त्यात कमीपणा नाही. आणि हे लक्षात ठेवा की पुसल्याने मशीन स्वच्छ होतं, स्टराईल होत नाही. पुसलेल्या मशीनला स्क्रब केलेल्या, म्हणजे हात धुऊन स्टराईल गाऊन-ग्लोव्ह चढवलेल्या माणसाचा गाऊन लागला तरी गाऊन बदलायचाच.

मशीन कुठे उभं करायचं

फायबर साधारण तीन मीटरचा असतो, त्यातला बराचसा पेशंटजवळ लागतो, म्हणून मशीन फार लांब नको. पण स्टराईल ट्रॉलीपासून आणि गाऊन घातलेल्या माणसांपासून कमीत कमी एक फूट मोकळा राहिला पाहिजे, आणि छोट्या ओटीत तेवढीच जागा मिळवायला मारामारी असते, कारण तिथे सी-आर्म म्हणजे एक्स-रेचं मशीन असतं, ॲनेस्थेशियाची मशीन असते, एंडोस्कोपीचा म्हणजे दुर्बिणीचा टॉवर असतो. मी काय करतो, पेशंट टेबलवर यायच्या आधीच रिकाम्या ओटीत फायबरचा रस्ता डोळ्यांनी आखून घेतो. टेबलच्या कुठल्या कडेवरून फायबर खाली येणार, तिथून पोर्टपर्यंत कसा जाणार, त्या रस्त्यात कोण चालणार. फायबर हवेत ताणलेला नको, जमिनीला लागलेला नको, आणि त्याच्या खालून कोणाला वाकून जायची वेळ यायला नको. एकदा रस्ता ठरला की फ्लोअर सिस्टरना (ज्यांनी स्क्रब केलेलं नसतं त्या) आणि मामांना दाखवून ठेवायचा, "इथून कोणी जायचं नाही."

लाल इमर्जन्सी बटण तुमच्या हाताशी, आणि स्क्रीन सरांना दिसेल असा थोडा वळवलेला. सरांना स्वतःच्या डोळ्यांनी आकडा दिसतो तेव्हा निम्मी गडबड कमी होते.

फूट पेडल. यावर मला जरा जास्त बोलायचंय. मुतखड्याच्या केसमधे जमिनीवर सी-आर्मचं पेडल असतं, कधी कॉटरीचं (विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं मशीन) असतं, आणि तिसरं तुमचं. ओटीत अंधार केलेला, जमिनीवर पाणी, सरांची नजर स्क्रीनवर, आणि पाय पेडल शोधतोय. एक्स-रे हवाय आणि लेझर चालू झाला असं व्हायला काही लागत नाही. म्हणून लेझरचं पेडल एकटं, सरांच्या उजव्या पायाशी, बाकीची दुसऱ्या बाजूला किंवा असिस्टंटकडे. पेडलवर झाकण असतं ते तसंच ठेवायचं, अडचण होते म्हणून काढणारे लोक मी बघितलेत, ते झाकणच चुकून पाय पडण्यापासून वाचवतं. पेडल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावायचं म्हणजे सलाईन आणि रक्त आत जात नाही आणि नंतर पुसायला सोपं. पेडल जमिनीवर आहे, ते अनस्टराईलच, त्यामुळे मधेच सरकलं तर सरांनी किंवा स्क्रब सिस्टरनी वाकून नीट करायचं नाही, तुम्ही करायचं, आणि ते करायच्या आधी मशीन स्टँडबायला टाकायचं, म्हणजे पेडल दाबलं गेलं तरी लेझर सुटत नाही. आधी स्टँडबाय, मग पेडलला हात. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही.

गॉगल्स, आणि ते स्क्रबच्या आधी का

लेझरचे रंग डोळ्यांना दिसतीलच असं नाही. केटीपी लेझर हिरवा दिसतो, त्याची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. एनडी-याग १०६४, थुलियम फायबर १९४०, होल्मियम २१०० च्या आसपास, कार्बन डायऑक्साइड १०,६०० नॅनोमीटर, हे सगळे अदृश्य. जो लाल किंवा हिरवा ठिपका दिसतो तो फक्त नेम धरायला दिलेला एमिंग बीम असतो. १०६४ वाला बुबुळातून सरळ आत जातो आणि पडदा जाळतो, होल्मियम आणि कार्बन डायऑक्साइडवाला डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला भाजतो. हे सगळे सर्जिकल लेझर क्लास ४ मधे येतात, म्हणजे थेट किरण तर धोक्याचा आहेच, चकचकीत अवजारावरून उडालेलासुद्धा धोक्याचा.

जाता जाता, मला फार अभिमान वाटतो म्हणून सांगतो: कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मधे अमेरिकेत बेल लॅब्समधे ज्यांनी बनवला ते कुमार पटेल, जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजात केलेलं. पहिला लेझर १९६० मधे मेमनने बनवला होता, आणि चारच वर्षांत आपल्या बारामतीत जन्मलेल्या माणसाने तो लेझर दिला जो आजही घशाच्या ऑपरेशनमधे वापरतात. नवीन मुलांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो, त्यांचा मशीनकडे बघायचा डोळाच बदलतो.

तर गॉगल्स. प्रत्येक गॉगलच्या काचेवर किंवा दांडीवर नॅनोमीटरचा आकडा आणि ओडी, म्हणजे ती काच लेझर किती अडवते ते, लिहिलेलं असतं. नॅनोमीटरचा आकडा तुमच्या मशीनशी जुळला पाहिजे. रंगावरून ओळखायचं नाही, एकसारखे दिसणारे दोन गॉगल वेगवेगळ्या लेझरचे असू शकतात. दोन प्रकारची मशीनं एकाच गाडीतून नेता तेव्हा गॉगल्सच्या पेट्या वेगळ्या ठेवा आणि वर मार्करने आकडा लिहा.

आणि आता स्टराईलचा भाग: गॉगल घालायचा तो हात धुवायच्या आधी. एकदा ग्लोव्ह चढले की सर किंवा सिस्टर गॉगल नीट करू शकत नाहीत, मग तुम्ही मागून जाऊन सरळ करायचा, आणि तुमची बाही त्यांच्या खांद्याला लागते. गॉगलवर वाफ धरते ही नेहमीची तक्रार, त्यावर उपाय म्हणजे मास्कची वरची कड नाकावर चिकटपट्टीने बंद करायची, तीपण स्क्रबच्या आधी. मी दारात उभा राहून प्रत्येकाला विचारतो, "सर, गॉगल बसला का नीट?" रोज विचारतो. रोज कोणीतरी एक परत मागे जातो.

पेशंटच्या डोळ्यांचं ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचं. मुतखड्यात पेशंट जागा असेल तर त्यालापण गॉगल द्या. चेहऱ्याजवळ लेझर असेल तर बंद डोळ्यांवर ओले पॅड, आणि पापणीवरच काम असेल तर आत धातूची शील्ड, प्लास्टिकची नाही. दारावर "लेझर चालू आहे" असा बोर्ड आणि खिडकी असेल तर ती झाका. साधी काच काही लेझर अडवते आणि काही बिनधास्त बाहेर सोडते, म्हणून मी मशीन कुठलंही असो, काच झाकतोच.

फायबर उघडणं आणि टोक हातात घेणं

इथे घाई करायची नाही. पाकीट उघडायच्या आधी तारीख, सील, आतला इंडिकेटर (निर्जंतुक झाल्याची खूण), आणि पाकीट ओलं किंवा फाटलेलं तर नाही ना. ओलं असेल तर आतलं स्टराईल नाही, विषय संपला. सरांना फायबरचा साईज मोठ्याने विचारा आणि वाचून दाखवा, दोनशे मायक्रॉन का तीनशे पासष्ट, कारण एकदा उघडलं की पैसे पेशंटच्या बिलावर जातात.

पाकिटाच्या दोन्ही पापुद्र्यांना बाहेर वळवत उघडायचं, अंगापासून लांब धरून, आणि स्क्रब सिस्टर वरून आतलं वेटोळं उचलतील. ट्रॉलीवर फेकायचं नाही, वेटोळं उसळून कडेबाहेर जातं.

आता खरी देवघेव. सिस्टर वेटोळं स्वतःकडे धरून ठेवतात आणि फक्त कनेक्टरचं टोक तुमच्याकडे सोडतात, पुरेशी लांबी देऊन. तुम्ही कनेक्टर धरायचा, फक्त कनेक्टर. हात तारेवरून वर सरकवायचा नाही, "जरा ढील द्या" असं तोंडाने म्हणायचं. ज्या क्षणी तुम्ही टोक धरलं त्या क्षणी स्टराईलची हद्द ठरली: टेबलच्या कडेच्या खाली जे गेलं ते सगळं तुमचं, कडेच्या वर जे आहे ते त्यांचं. तुमचं त्यांच्याकडे परत कधीही जात नाही.

ही हद्द पक्की करायला कडेजवळ फायबर ड्रेपला, म्हणजे पेशंटवर घातलेल्या स्टराईल चादरीला, क्लिप करून ठेवतात. टोकदार टॉवेल क्लिप वापरायची नाही, ती ड्रेपला भोक पाडते, आणि भोकातून खालचं अस्वच्छ वर येतं, शिवाय फायबर चिमटला तर तिथेच तडकतो. बोथट क्लिप, किंवा ड्रेपची घडी करून त्यात मोकळा धरलेला. वेटोळं ठेवायचं तर तळहाताएवढ्यापेक्षा लहान नको, काच आहे ती.

हे एवढं का सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका केसमधे क्लिप लावायची राहिली. सरांना किडनीच्या खालच्या कप्प्यात जायचं होतं, फायबर कमी पडला, त्यांनी नकळत हाताने दोन वीत ओढून घेतला, आणि जो भाग मगाशी माझ्या मशीनशेजारी लोंबत होता तो आता ट्रॉलीवर स्टराईल गॉजला टेकला होता. बाकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मला बोलायला अर्धं मिनिट लागलं, नवीन होतो, सर मोठे होते. शेवटी म्हटलं, "सर, खालचा भाग वर आलाय." त्यांनी लगेच हात वर घेतले, ग्लोव्ह बदलले, गॉज टाकले, ट्रॉलीचा तो भाग झाकला, नवीन फायबर उघडला. रागावले नाहीत. पण ते अर्धं मिनिट मला आजही आठवतं, कारण त्या अर्ध्या मिनिटात सिस्टरनी त्याच गॉजला हात लावला होता. स्टराईल मोडलेलं दिसलं की त्याच क्षणी बोलायचं, समोर कोणीही असो. एवढंच वाक्य पुरे: "सर, इथे अनस्टराईल झालं."

कनेक्टरची टोपी काढल्यावर त्याच्या पुढच्या तोंडाला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा, सलाईनचा थेंब, गॉजचा धागा, काहीही तिथे राहिलं की पहिल्याच शॉटला जळतं आणि ब्लास्ट शील्ड घेऊन जातं. कोरड्या हाताने सरळ पोर्टमधे, टिक आवाज येईपर्यंत किंवा स्क्रू पूर्ण बसेपर्यंत.

मग स्टँडबायमधेच एमिंग बीम चालू करून सिस्टरना फायबरचं टोक ओल्या गॉजसमोर धरायला सांगा. ठिपका गोल आणि ठळक दिसला तर फायबर चांगला. पसरट, फाटलेला, चंद्रकोरीसारखा दिसला तर टोक खराब आहे. मधेच कुठेतरी तारेच्या कडेतून लाल उजेड गळताना दिसला तर फायबर तुटलाय, तो वापरायचाच नाही, लेझर तिथूनच बाहेर पडेल, कोणाच्या तरी हातावर.

आवाजाने मशीन चालवणं

मुतखड्याच्या होल्मियम लेझरवर मुख्य दोन आकडे असतात, एका शॉटची ताकद ज्यूलमधे आणि एका सेकंदाला किती शॉट ते हर्ट्झमधे. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. अर्धा ज्यूल आणि २० हर्ट्झ म्हणजे १० वॅट, एक ज्यूल आणि १० हर्ट्झ म्हणजे पण १० वॅटच, पण खड्यावर परिणाम वेगळा, पहिल्यात खड्याचा भुगा होतो आणि दुसऱ्यात तुकडे पडतात. कुठला आकडा ठेवायचा हे सर्वस्वी डॉक्टर ठरवतात. तुमचं काम ते बरोबर ऐकणं.

आणि ऐकण्यातच चुका होतात. सर म्हणाले "वीस कर", आता वीस हर्ट्झ का वीस वॅट? मास्क, सक्शनचा आवाज, मॉनिटरची बीप. म्हणून आमच्याकडे नियम आहे: सर सांगतात, तुम्ही आकडा एककासकट परत बोलता, सर "हो" म्हणतात, मग बोट स्क्रीनला लावता, आणि लावल्यावर स्क्रीनवरचं वाचून दाखवता. "पॉइंट पाच ज्यूल, वीस हर्ट्झ, दहा वॅट, स्टँडबाय." नवीन मुलांना सुरुवातीला लाज वाटते एवढं बोलायला. बोला. अनुभवी सरांनाच हे जास्त आवडतं.

स्टँडबाय आणि रेडी हे दोन शब्द तर घंटेसारखे स्पष्ट पाहिजेत. सर "रेडी" म्हणेपर्यंत रेडी करायचं नाही, आणि ते म्हणतात तेव्हा तुम्ही एंडोस्कोपीच्या स्क्रीनवर एक नजर टाकायची: फायबरचं टोक दुर्बिणीच्या बाहेर आलेलं दिसतंय का, एमिंग बीम खड्यावर आहे का. टोक आत असताना शॉट गेला तर दुर्बीण आतून जळते. फ्लेक्सिबल दुर्बिणीत फायबर घालताना दुर्बीण सरळ हवी, वाकलेल्या अवस्थेत ढकलला तर टोक आतल्या अस्तराला भोक पाडतं. हे सर करतातच, पण दोन डोळे जास्त असले तर चांगलंच. खडा शोधायला, गाईडवायरसाठी, बास्केटसाठी, काहीही कारणाने लेझर थांबला की स्टँडबाय, न सांगता, आणि तोंडाने "स्टँडबाय" म्हणून.

काही जण स्क्रीनवर पारदर्शक स्टराईल शीट लावून सरांनाच बटण दाबू देतात. नियमाप्रमाणे चुकीचं नाही, पण शीटला सुरकुती पडते, आकडा नीट दिसत नाही, बोट शेजारच्या बटणावर पडतं, आणि शीट सरकली की हाताखाली काय स्टराईल आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मला विचाराल तर आवाज जास्त भरवशाचा. कार्बन डायऑक्साइडच्या मशीनला फायबरऐवजी सांधे असलेला हात असतो, तिथे मात्र कव्हर लागतंच, लांब स्टराईल स्लीव्ह, पुढची हँडपीस निर्जंतुक केलेली, आणि मायक्रोस्कोपवर जॉयस्टिक असेल तर तिला वेगळी स्टराईल टोपी. स्लीव्ह चढवताना सिस्टर आतून धरतात आणि तुम्ही बाहेरून खालची कड मागे ओढता, हात कडेच्या पुढे न नेता. हे कोरडं दहा वेळा करून बघा, मगच केसला.

पाण्याकडेपण लक्ष ठेवा. लेझर जेव्हा चालतो तेव्हा आतलं पाणी तापतं, सलाईन नीट वाहत असेल तर उष्णता निघून जाते, बाटली संपली तर मूत्रवाहिनी भाजू शकते. बाटली संपत आली की फ्लोअर सिस्टरना आधीच सांगा, आणि बदलेपर्यंत स्टँडबाय. नवीन बाटलीत खुपसायचं टोक कशालाही लागता कामा नये, ते थेट पेशंटच्या आत जाणाऱ्या पाण्याचं टोक आहे.

लाईट गेली, मशीन बंद पडलं, तर परत चालू झाल्यावर जुने आकडे तसेच असतील असं धरायचं नाही. पूर्ण वाचून दाखवायचं, नवीन केस असल्यासारखं. आणि बिघाड शोधताना ट्रॉलीवरून वाकायचं नाही, वळसा घालून जायचं.

आग आणि धूर

मुतखड्यात सगळीकडे पाणी असतं म्हणून आगीचा विचार कोणी करत नाही, पण त्याच आठवड्यात तुम्ही मूळव्याधीच्या किंवा घशाच्या केसलापण जाल. तिथे सर्वात मोठी चूक म्हणजे ओला स्पिरिट. स्पिरिटवालं प्रेप (ऑपरेशनआधी कातडीला लावायचं औषध) लावल्यावर कमीत कमी ३ मिनिटं सुकू द्यायचं, केसात किंवा पाठीखाली साचलं असेल तर त्याहून खूप जास्त, साचलेलं टिपून घ्यायचं, आणि भिजलेला कपडा बाहेर काढायचा. ते झाल्यावरच ड्रेप, त्यानंतर लेझर. जवळचे गॉज ओले ठेवायचे आणि ते ओलेच आहेत हे अधूनमधून बघायचं, लाईटखाली पटकन सुकतात. मूळव्याधीच्या केसला गुदद्वारात ओला गॉज ठेवतात कारण आतडीतला गॅस पेटू शकतो, तो गॉज मोजणीत धरायचा.

घशाच्या केसमधे ऑक्सिजन तिथेच वाहत असतो. ॲनेस्थेशियाचे डॉक्टर ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली ठेवतात, लेझरसाठीची खास ट्यूब घालतात, तिच्या फुग्यात हवेऐवजी निळं मिथिलीन ब्लू घातलेलं सलाईन भरतात, म्हणजे फुगा फुटला की निळं दिसतं. ट्यूब पेटलीच तर तुमचं काम एका सेकंदाचं, लाल बटण. ट्यूब काढणं, गॅस बंद करणं हे ते करतील. ट्रॉलीवर स्टराईल सलाईनचा वाडगा भरलेला आहे का हे मात्र केसच्या आधी तुम्ही विचारायचं.

धूर नुसता घाण वासाचा नसतो. चामखिळी जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचा डीएनए सापडलेला आहे. स्मोक इव्हॅक्युएटरची स्टराईल नळी असिस्टंटच्या हातात, तोंड कामाच्या जागेपासून ५ सेंटीमीटरच्या आत, आणि सगळ्यांना एन-९५. साधा सर्जिकल मास्क धुरासाठी नाही.

केस संपल्यावर

आधी स्टँडबाय, मग मशीन बंद, मग चावी तुमच्या खिशात. चावी मशीनला लटकत ठेवून चहाला जायचं नाही.

फायबरचं टोक बघा, मधे तुटून कमी झालंय का आणि झालं असेल तर किती. तुटलेलं किंवा कापलेलं टोक हे सुईच आहे, चामडीत घुसलं तर एक्स-रेमधेपण सापडणं मुश्कील. ते उघड्या बोटांनी उचलू नका, गॉजने गोळा करा आणि पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. पाकिटावर एकदाच वापरायचा असं लिहिलं असेल तर तो एकदाच. परत वापरण्याजोगा असेल तर कंपनीने सांगितलेल्याच पद्धतीने निर्जंतुक करायचा, आणि किती वेळा झाला ते त्याच्या कार्डावर लिहायचं. ग्लुटारअल्डिहाइडच्या (निर्जंतुक करायच्या द्रवाच्या) ट्रेमधे अख्खा फायबर बुडवून ठेवलेला मी बघितलाय, कनेक्टरसकट, पुढच्या केसला पहिल्याच शॉटमधे शील्ड गेली. ईटीओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक केला असेल तर गॅस पूर्ण निघून जाईपर्यंत वापरायचा नाही, सरांना उद्या सकाळीच हवा असला तरी दुसरा उघडायला सांगायचं, आणि हे आदल्या दिवशी फोनवर सांगायचं.

रजिस्टरमधे तारीख, केस, फायबरचा लॉट नंबर, शेवटचे आकडे, एकूण ऊर्जा आणि काही अनस्टराईल झालं असेल तर तेपण. ते लिहिलं म्हणून कोणी तुम्हाला बोलणार नाही, पुढे त्या पेशंटला ताप आला तर डॉक्टरांना त्याच ओळीचा उपयोग होतो.

पहिल्या महिन्यात करायचं एकच काम सांगतो. जुना, टाकायला काढलेला फायबर मागून घ्या, त्याचं टोक सुरक्षित झाकून घ्या, आणि घरी टेबलावर चादर टाकून मित्राबरोबर देवघेव करून बघा. त्याने वेटोळं धरायचं, तुम्ही कनेक्टर. तुमच्या बोटांना खडूची पूड लावा. वीस वेळा करा आणि प्रत्येक वेळी तारेवर आणि चादरीवर पांढरं कुठपर्यंत आलंय ते बघा. ज्या दिवशी ते कनेक्टरच्या पुढे येणार नाही त्या दिवशी मला सांगा, दुसऱ्या दिवशीच्या केसला फायबर तुम्हीच घ्यायचा.